रविवारच्या सात चुका

कोल्हापूरचा माणूस रागावला आहे की नुसता बोलतो आहे, हे ओळखण्याचा एक तक्ता आमच्या माडीच्या भिंतीवर साडेचार महिने डकवलेला होता. तो आमच्या भाडेकरूने, श्रीधर उमरेडकरने, स्वतः तयार केला होता. सगळ्यात वर लंबगोलात ‘सुरुवात’. खाली बाण. मग शंकरपाळीच्या आकाराची एक चौकट आणि तिच्यात प्रश्न : ‘समोरचा माणूस ओरडला का?’ शंकरपाळीच्या एका टोकातून ‘नाही’चा बाण निघे, तो ‘माणूस बाहेरगावचा आहे’ या चौकोनात जाऊन संपे. ‘होय’चा बाण पुढच्या शंकरपाळीत जाई : ‘हातात काही आहे का?’ असेल तर, ‘ऊस आहे का?’ असेल तर, ‘खा.’ नसेल तर, ‘पावणं म्हणाला का?’ म्हणाला असेल तर, ‘चहा येईल. थांबा.’ अशा चौदा शंकरपाळ्या मी मोजल्या. ‘रागावला आहे’ असा चौकोन त्या तक्त्यात एकच होता, आणि त्याच्याकडे जाणारा बाण खोडलेला होता.

माझी पत्नी खोली झाडायला वर गेली तेव्हा हे पाहून खाली आली आणि म्हणाली, “अवो, त्यानं भिंतीवर फराळ काढून ठेवलाय. काय करायलाय त्यो एकटा?”

तो प्रोग्राम लिहीत होता. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आमच्या साखर कारखान्याने मुंबईच्या एका कंपनीकडून कंप्युटर घेतला होता आणि त्या कंप्युटरला आमचं काम शिकवण्यासाठी कंपनीने हा नागपूरचा तिशीतला माणूस पाठवला होता. मी त्याच कारखान्याच्या शेती खात्यात मुख्य कारकून. मंगळवार पेठेत आमच्या घराची माडी मोकळी होती, म्हणून तो आमच्याकडे आला.

तक्त्याचं मूळ त्याच्या पहिल्याच दिवसात होतं. एसटी स्टँडवर उतरून त्याने एका माणसाला आमचा पत्ता विचारला. तो माणूस ओरडला, “ओ पावणं, तिकडं उलट्या अंगाला कुठं निघालाय? डोळं हायती का काय?” आणि एवढं बोलून त्याने उमरेडकरची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली. सबंध रस्ताभर तो ओरडत होता. ट्रंकेत दगड भरलेत का, एवढा शिकलेला माणूस आणि छत्री न्हाय, असं काहीबाही. आमच्या दारात ट्रंक टेकवून तो चहासुद्धा न घेता गेला. उमरेडकर घामाघूम होऊन उभा.

“काकाजी,” तो मला म्हणाला, “एक माणूस मला रागावत रागावत माझी ट्रंक घेऊन आला. मी काय चुकलो?”

मी सांगितलं की तो रागावला नव्हता. आमच्याकडे असंच बोलतात.

“आणि खरंच रागावला असता तर?”

“तर ट्रंक आणली नसती.”

हे त्याने खिशातली वही काढून टिपून घेतलं.

‘आणि नसेल तर?’ हा त्याचा आवडता प्रश्न. जगातल्या कुठल्याही गोष्टीला दोन वाटा असतात आणि दुसरी वाट विचारून ठेवल्याशिवाय पहिलीवर पाऊल टाकू नये, असा त्याचा नियम होता. माझी पत्नी सांगे, “सकाळी सहाला नळाला पाणी येतंय.”

“आणि नाही आलं तर, काकू?”

“येतंय की.”

“पण समजा, नाहीच आलं?”

“तर आंघुळ करू नगोस. कोण हुंगायला बसलंय?”

हेही वहीत गेलं. ‘जरा’, ‘थोडं’, ‘अंदाजानं’ हे शब्द त्याला कळत नसत. पत्नीने त्याला एकदा पिठलं शिकवलं. मीठ अंदाजानं घाल म्हणाली, तर अंदाज म्हणजे किती ग्रॅम, असं विचारून त्याने तिला स्वयंपाकघरात निरुत्तर केलं. आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. मला हे कधी जमलं नव्हतं. त्या दिवसापासून माझं त्याच्याविषयी मत चांगलं झालं.

आता त्याचं काम काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कारखान्याचे अकराशे त्रेचाळीस सभासद ऊस लावत. ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. या क्रमाच्या यादीला आम्ही पाळीपत्रक म्हणतो. पाळी चुकली तर ऊस शेतात वाळतो, वजन घटतं आणि शेतकरी कोयता घेऊन कारखान्यात येतो. हे पत्रक एकोणीस वर्षं मी हाताने करत होतो. आता ते मशीन करणार होतं. ठरलं असं होतं की मशीनची यादी माझ्या हातच्या यादीशी नावानिशी जुळली पाहिजे. जुळली की मी सही करायची. मी सही केली की उमरेडकरचं काम संपलं आणि कंपनी त्याला पुढच्या गावाला पाठवणार. चार वर्षांत अशी सहा गावं झाली होती. त्यांची नावं तो पाढ्यासारखी म्हणे. कुठल्या गावात काय आवडलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “कामं वेळेत झाली जी.”

कारखान्यात मशीनची खोली वेगळी होती, गार केलेली. धूळ चालत नाही, म्हणून पायताण बाहेर काढायचं, असा उमरेडकरने नियम केला आणि तो पाळून घेण्याचं काम आमच्या शिपायाला, दस्तगीरमामूंना दिलं. मामू दाराशी स्टूल टाकून बसले. पहिल्याच आठवड्यात चेअरमन आले.

“साहेब, वहाणा,” मामू म्हणाले.

“आरं, मी चेअरमन हाय.”

“व्हय की. खरं मशिनला त्ये ठावं न्हाय.”

चेअरमननी वहाणा काढल्या. ही बातमी दुपारपर्यंत मुरगूडच्या बाजारात पोहोचली. त्यानंतर जो सभासद येई तो उंबऱ्यापाशी पायताण काढी, आत वाकून पाही आणि हात जोडी. एकाने नारळ ठेवला. उमरेडकरने तो तीन दिवस टेबलावर तसाच ठेवला, कारण नारळ आला तर पुढे काय करायचं हे त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. चौथ्या दिवशी मामूंनी फोडला.

पहिली यादी श्रावणात छापून निघाली. दोन्ही बाजूंना भोकं असलेला तो लांबच लांब कागद मी उचलला आणि मला तो हलका वाटला. मोजलं तर दोनशे बारा नावं गायब.

“मशीन चुकत नाही काकाजी,” उमरेडकर शांतपणे म्हणाला. “माणूस चुकतो. एकच नाव दोनदा आलं तर दुसरं काढून टाक, असं मी त्याला शिकवून ठेवलं आहे.”

त्याला काय कल्पना, की आमच्या एकेका गावात नऊ-नऊ गणपती बाळू पाटील असतात! मशीनने त्यातला एक ठेवून आठ काढून टाकले होते. मी हे सांगितल्यावर तो कपाळाला हात लावून “बाप्पा!” म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गावोगाव निघाला. प्रत्येक गावात त्याने पाटलांना वेगळं कसं ओळखता, असं विचारलं. लोकांनी सांगितलं. त्याने ते ‘ओळख’ नावाच्या रकान्यात इमानेइतबारे भरलं, आणि हरकतींसाठी गावोगावच्या चावडीवर लागलेल्या कच्च्या यादीत छापून आलं : गणपती बाळू पाटील, रेडिओवाला. गणपती बाळू पाटील, खालच्या आळीचा. गणपती बाळू पाटील, बुटका.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ शेती खात्याच्या दारात उभे राहिले. उंची पावणेपाच फूट असेल.

“मला बुटका कुनी म्हटलं?” त्यांचा आवाज मात्र उंच होता.

उमरेडकर टेबलामागे उठून उभा राहिला. मला दिसत होतं की तो मनातल्या मनात शंकरपाळ्या उतरतो आहे. हातात काही आहे का? होय. ऊस आहे का? नाही, काठी आहे.

तेवढ्यात मामू म्हणाले, “मशिननं म्हटलंय, पाटील.”

पाटील थांबले. त्यांनी काचेतून मशीनकडे बघितलं. “त्येनं मोजलंय व्हय?”

“तर वो!”

“मग आसंल,” पाटील म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी चहा मागितला. पुढे सबंध हंगामात त्या यादीवर हरकत म्हणून आली ती एकच, आणि तीही आपल्याला काहीच ओळख नाही अशी तक्रार करणाऱ्या एका पाटलाची.

यादी तपासायला कारखान्यात निवांतपणा मिळेना. म्हणून मी शेती अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घेतली आणि दर शनिवारी लागणीचं रजिस्टर व मूळ अर्जांचे गठ्ठे घरी आणू लागलो. रविवारी सकाळी बरोबर नऊला उमरेडकर नवी यादी घेऊन माडीवरून खाली येई. आम्ही घराच्या पुढच्या सोप्यात चटईवर बसत असू. मी रजिस्टर वाचायचं, त्याने यादीवर खूण करायची. नाव जुळलं की तो “बरोबर” म्हणे. न जुळलं तर मूळ अर्ज शोधायचा, तारीख पाहायची, कोण चुकलं ते ठरवायचं आणि मी तांबड्या पेन्सिलीने नोंद करायची.

पहिल्या रविवारी इतका वेळ लागला की दीड वाजला. आत मटण शिजत होतं; रविवारी कोल्हापुरात दुसरं काही शिजत नाही. पत्नी बाहेर येऊन म्हणाली, “आता कुठं जातोस खानावळीत? जेवूनच जा की.” तो जेवला. तांबड्या रश्श्याने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, पण नागपूरचा माणूस हार जाणारा नव्हता. त्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा पत्नीने त्याच्याकडे जावयाकडे बघावं तसं बघितलं.

चुकांचा आकडा मी प्रत्येक रविवारी वहीत लिहून ठेवी. नावं गायब झालेली ती पहिली यादी सोडून देतो. पुढे चौसष्ट, मग एकतीस, मग सात. मला वाटलं, पुढच्या खेपेला सही. पुढच्या खेपेला पुन्हा सात निघाल्या. जुन्या नव्हेत, जुन्या सगळ्या दुरुस्त होत्या. या नव्या होत्या.

“माणूस चुकतो काकाजी,” उमरेडकर खाली मान घालून म्हणाला.

त्याच्या पुढच्या रविवारीही सातच. मग खंडेनवमी आली. वर्कशॉपमध्ये पाने-हातोड्यांची पूजा झाली, माझ्या टेबलावर दौतीची आणि शिक्क्याची झाली. आमच्या खात्यातली पूजेची सगळी तयारी वर्षानुवर्षं दस्तगीरमामू करत. झेंडू तेच आणत आणि हार तेच ओवत. त्या वर्षी त्यांनी मशीनलाही सोडलं नाही. मशीनला हार घातला, पडद्यावर गंध लावलं, आणि ज्यांत सगळी माहिती साठवलेली असते त्या पाच काळ्या चौकोनी फ्लॉप्या ताम्हणात मांडून त्यांवर हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीच्या मधल्या भोकाखाली एक उघडी फट असते. तिथं बोट लावायचं नसतं. मामूंनी ती जागा गंधासाठीच ठेवली आहे असं समजून नेमकं तिथंच बोट टेकवलं.

उमरेडकर आला, त्याने ताम्हण पाहिलं, आणि तो मामूंच्या स्टुलावर बसला. चार फ्लॉप्यांच्या नकला त्याने करून ठेवल्या होत्या. पाचवीची करायची राहिली होती, आणि पाचवीत तीन गावं होती. दोन दिवस बसून त्याने तिन्ही गावं पुन्हा भरली. तिसऱ्या दिवशी एक कोरी फ्लॉपी आणून मामूंच्या हातात दिली. तिच्यावर चिठ्ठी डकवली होती : ‘पूजेसाठी’.

मामू महिनाभर सांगत होते, “साहेबांनी मशिनचा द्येव येगळा काढून दिला.”

त्यानंतरच्या रविवारी चुका निघाल्या सात.

मी आकड्यांचा माणूस आहे. एकदा सात येणं समजू शकतो, दोनदाही. पण ही चौथी खेप होती. शिवाय, जी तीन गावं त्याने दोन दिवसांत घाईघाईने पुन्हा भरली होती, त्यांत एकही चूक नव्हती. सातही चुका महिन्यापूर्वी जुळलेल्या गावांत होत्या. मागच्या नोंदी काढून पाहिलं, तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सातवी चूक दर वेळी शेवटच्या पानावर असे. खरी चूक अशी शिस्तीत वागत नाही. तिला जिथं वाटेल तिथं ती बसते.

तरीही मी पुढचे दोन रविवार सात चुका शोधल्या, तांबड्या पेन्सिलीने लिहिल्या.

पण गाळप तोंडावर आलं. दिवाळी होताच बॉयलर पेटायचा होता आणि तोडणीच्या टोळ्या येऊन दाखल झाल्या होत्या. मुंबईहून कंपनीचं पत्र आलं की माणूस कधी मोकळा होतो ते कळवा. शुक्रवारी शेती अधिकारी मला व्हरांड्यात गाठून ओरडले, “इंगवले, सही करताय का मशिनला गुराळात घालू?” हे मात्र ते खरोखरच रागावून बोलले होते.

त्या संध्याकाळी कारखान्याच्या बसमध्ये उमरेडकर माझ्या शेजारी बसला होता. मला आडून बोलता येत नाही.

“उमरेडकर,” मी म्हटलं, “या सात चुका तुम्ही मुद्दाम घालता.”

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. कागलचा नाका गेला.

“कधी कळलं?”

“चौथ्या खेपेला.”

“मग दोन रविवार तुम्ही काहून तपासून राहिले?”

“तपासणी माझ्याकडे आहे,” मी म्हटलं. “पण सातच का? तीन घातल्या असत्या तरी सही अडलीच असती.”

त्याने हिशेब सांगावा तसं सांगितलं. “नुसती नावं वाचायला पंच्याण्णव मिनिटं लागतात काकाजी. म्हणजे दहा पस्तीस. आधीच्या चुका एकाच गठ्ठ्यात होत्या, पटपट निघाल्या. मी घातलेल्या एका चुकीला अर्ज शोधण्यासकट वीस मिनिटं. पाच ठेवल्या तर सव्वाबारा होतात. सव्वाबाराला काकू अजून मसाला वाटून राहिल्या असतात. कोणी थांबवत नाही. सात ठेवल्या की एक वाजायला पाच मिनिटं.”

मी मनात गणित केलं. जुळत होतं.

“अहो, मग नुसतं जेवायला यायचं की!”

“बोलावलं नव्हतं ना जी,” तो म्हणाला.

हेही बरोबर होतं. साडेचार महिन्यांत आम्ही त्याला ‘आता जेवूनच जा’ असं अनेकदा म्हटलं होतं. ‘जेवायला ये’ असं एकदाही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे ते कोणी कोणाला म्हणत नाही. लोक येतात, बसतात आणि जेवतात. त्याच्या गावची रीत मी कधी विचारली नव्हती.

“शेतकऱ्यांचं नुकसान नाही होऊ देणार,” बस पेठेजवळ आल्यावर तो म्हणाला. “परवा बरोबर यादी आणतो.”

रविवारी नऊला तो यादी घेऊन खाली आला. मी वाचायला सुरुवात केली. तो प्रत्येक नावाला “बरोबर” म्हणत गेला. मी कुठंही हळू वाचलं नाही; तसं करणं मला योग्य वाटलं नाही. अकराशे त्रेचाळीस नावं, चूक एकही नाही. घड्याळात दहा पस्तीस झाले होते. मी शेवटच्या पानावर सही केली, खाली तारीख घातली. मंगळवारी सकाळच्या गाडीने तो जाणार होता.

त्याने कागदाची घडी घातली आणि उठला. “निघतो काकाजी.”

आतून पत्नीचा आवाज आला. मी तिला शुक्रवारीच सगळं सांगितलं होतं. “कुठं निघाला त्यो? त्येला म्हणावं बस गुमान!” मग तीच बाहेर आली आणि त्याच्यापुढे परात आदळली. परातीत लसणाचे गड्डे होते. “ह्ये सोल. आणि जेवायला ये.”

“इथंच तर आहे, काकू.”

“ठावं हाय. तरी म्हटलं.”

तो खाली बसला. त्यानंतर एक वाजेपर्यंत आमच्या सोप्यात यादी नव्हती, रजिस्टर नव्हतं, कामाचा कुठलाही कागद नव्हता. मी वर्तमानपत्र वाचत होतो आणि तो लसूण सोलत होता. पत्नीने दोनदा येऊन पुरे म्हणून सांगितलं, तरी तो थांबला नाही. एक एक पाकळी नखाने साफ करून तो परातीच्या दुसऱ्या अंगाला ठेवत होता. तो गेल्यावर तो लसूण आम्हाला नऊ दिवस पुरला.